बापूजींच्या ट्रंकेतली पुस्तकं

7 जुलै 2024, रविवार
नांदेड

पावसाने माळ्यावर ओल धरली म्हणून आज बापूजींची ट्रंक खाली काढली. बापूजी म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ट्रंक तेव्हापासून तशीच होती. वरच्या दोन हिशेबाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यांच्याखाली मात्र कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यात, मेणकापडात गुंडाळलेली चार पुस्तकं धडधाकट निघाली. लाल बासनात सार्थ ज्ञानेश्वरी. हिरव्या जुजदानात उर्दू तरजुम्याचं कुराण. गुरुमुखी लिपीत छापलेली गीता, खाली पंजाबी अर्थ. आणि काळ्या पुठ्ठ्याचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.

बापूजी निजामाच्या राजवटीत शिकले. तेव्हा शाळा उर्दूत, बाजार मराठीत आणि पाठ गुरुमुखीत. त्यामुळे या चारही पुस्तकांना त्यांचे हात सारख्याच सवयीने लागत. मला ते आठवतंय, पण सुनेला ते ठाऊक नव्हतं. ती दारात उभी होती. पुस्तकं काय आहेत हे कळताच तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बीजी, ही घरात ठेवायची?"

मी उत्तर दिलं नाही. पुस्तकं उन्हाची वाट पाहत पलंगावर मांडून ठेवली.

8 जुलै, सोमवार

सुनेच्या प्रश्नाने रात्री झोप लागली नाही. ती काही कोत्या मनाची मुलगी नाही. बटाल्याकडून लग्न होऊन इथे आली तेव्हापासून पहाटे चारला उठते, आंघोळ करून नितनेम म्हणजे रोजचा पाठ करते, मग चुलीकडे वळते. लंगरच्या सेवेत तिच्याइतक्या पोळ्या आमच्या गल्लीत कोणी लाटत नाही. अशी मुलगी विचारते तेव्हा त्या विचारण्याला वजन असतं.

आज दुपारी भाजी निवडताना तिने मनातलं सगळं सांगितलं. माहेरी तिच्या आजोबांनी शिकवलं होतं की आपला, शिखांचा, गुरू एकच, ग्रंथ एकच: गुरु ग्रंथ साहिब. दुसरी पोथी घरात आली की हळूहळू तिच्यापुढे उदबत्ती लागते, मग हात जोडले जातात, आणि मुलांना कळेनासं होतं की आपलं नेमकं कोणतं. "पोरगी सोळा वर्षांची आहे, बीजी. आधी तिला आपलं तरी पक्कं होऊ दे."

या भीतीला इतिहास आहे, हे मला मान्य आहे. 1873 मध्ये अमृतसरला सिंग सभा निघाली ती याच चिंतेतून. 1898 मध्ये भाई काहन सिंग नाभा यांनी 'हम हिंदू नहीं' लिहिलं. 1905 मध्ये दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, परिक्रमेतून मूर्ती हलवल्या गेल्या. आपण विरघळून जाऊ, ही धाकधूक लहान समाजाला कायम असते. मोठ्या समाजाने तिला हसू नये, आणि घरातल्या मोठ्यांनी तर नाहीच.

मी तिला एवढंच म्हटलं, "मला आठवडाभर दे. नीट पाहून सांगते."

11 जुलै, गुरुवार

आज कपाटातून 'सिख रहत मर्यादा' काढली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1945 मध्ये मंजूर केलेली ही पुस्तिका, पातळ आणि स्पष्ट. आमच्या इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परंपरा काही बाबतींत अमृतसरच्या मर्यादेहून वेगळ्या आहेत, हे नांदेडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण सून याच मर्यादेत वाढली, म्हणून तिच्या घरच्याच पुस्तकाने तिला उत्तर द्यावं असं वाटलं.

गुरमताप्रमाणे जगण्याचे नियम जिथे दिले आहेत तिथे बोट ठेवून वाचलं. जात, शिवाशिव, मंत्रतंत्र, शकुन, श्राद्ध, नवस मानू नयेत, अशी मोठी यादी आहे. त्याच यादीत वेद, शास्त्रं, गायत्री, गीता, कुराण, बायबल यांच्यावर श्रद्धा ठेवू नये असंही म्हटलं आहे. सून म्हणाली, "बघा, लिहिलंय ना!" मी म्हटलं, "थांब, पुढचं वाक्य वाच." पुढे मर्यादा सांगते की माहिती व्हावी म्हणून अन्य मतांची पुस्तकं वाचणं योग्य आहे.

तिने ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत तिच्या नजरेतून ते निसटलं होतं. मला तिचा दोष वाटत नाही. मनाई लक्षात राहते, मुभा विसरली जाते. सगळ्याच धर्मांच्या घरी हे होतं.

मूळ पंजाबीत तिथे 'वाकफी' असा शब्द आहे. तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून असेल, पण तो शब्द वाचताच मला आपला 'वाकबगार' आठवला. दोन्ही 'वाकिफ'चीच लेकरं. एखाद्या गोष्टीची वाकफी असणं म्हणजे तिच्यापुढे झुकणं नव्हे, तिला ओळखणं. मर्यादेने श्रद्धा आणि ओळख यांच्यामध्ये रेघ ओढली आहे. ग्रंथ घरात आणायचा नाही, असं त्या रेघेत कुठेही नाही.

सुनेचा दुसरा मुद्दा मात्र पक्का आहे आणि तोही मर्यादेतच आहे: गुरु ग्रंथ साहिबच्या बरोबरीने दुसरं कोणतंही पुस्तक स्थापन करायचं नाही. हे तिने म्हटलं आणि मी लगेच मान्य केलं.

14 जुलै, रविवार

दोन दिवस उघडीप होती. पुस्तकांना गॅलरीत ऊन दाखवलं. ज्ञानेश्वरीची पानं उलटताना नववा अध्याय उघडला आणि समासात बापूजींचं अक्षर दिसलं. निळ्या शाईत, गुरुमुखीत, बारीक: 'अंग 485'. गुरु ग्रंथ साहिबच्या पानाला आम्ही पान म्हणत नाही, अंग म्हणतो. एकूण 1430 अंगं.

नातीला हाक मारली. तिने बापूजींचीच गुरबाणीची पोथी काढून 485 वं अंग उघडलं. आसा रागातलं नामदेवांचं पद निघालं. देवाला आंघोळ घालायला घागर भरून पाणी आणलं, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच आहेत. हार गुंफायला फुलं आणली, तर भुंग्याने आधीच वास घेतला. खिरीसाठी दूध आणलं, तर वासराने आधी तोंड लावलं. मग देवाला कोरं असं काय द्यायचं? आणि जिथे जावं तिथे बीठलच आहे, मग कोणी कोणाला द्यायचं?

ज्ञानेश्वरीच्या ज्या जागी बापूजींनी हा आकडा लिहिला होता ती जागा म्हणजे पान, फूल, फळ, पाणी देवाला वाहण्याविषयीच्या गीतेच्या श्लोकावरचं निरूपण. ज्ञानदेव तिथे सांगतात की फूल हे निमित्त, देवाला हवी ती भक्ती. ज्ञानदेव आणि नामदेव दोघे मित्र, एकाच काळातले, बरोबर तीर्थयात्रा केलेले. एकाने फुलातला भाव दाखवला, दुसरा फुलाच्याही पलीकडे गेला. एका घरात दोन्ही पोथ्या होत्या म्हणून बापूजींना हे दिसलं. नाहीतर दोन मित्रांचं हे बोलणं आमच्या घरी अर्धंच ऐकू आलं असतं.

नातीने आणखी एक गोष्ट पकडली. "बीजी, इथे 'आनीले' आहे, 'भराईले' आहे. हे तर मराठीसारखं आहे." आहेच. गुरु ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदं आहेत आणि त्यांत मराठी अशी मधूनमधून डोकावते. 2015 च्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या घुमानला अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी सचखंड एक्स्प्रेसने गेले होते. तिथल्या नामदेवांच्या दरबारात माथा टेकताना वाटलं होतं की हा माणूस नरसीहून निघून इतक्या लांब आला, आणि येताना आपली क्रियापदंही घेऊन आला. घुमान सुनेच्या माहेरापासून जवळ. ती लहानपणापासून तिथे जायची, पण नामदेवांची भाषा माझी भाषा आहे हे तिला आज कळलं. ती बराच वेळ त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत बसली होती.

17 जुलै, बुधवार

आज आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी आली. शेजारच्या काकूंचा उपवास, आणि उर्दू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे सर, त्यांचा रोजा. दोघंही दुपारी आमच्याकडे होते आणि मी कोणालाच चहा विचारला नाही.

सरांना मीच बोलावलं होतं. नातीच्या पाठात गुरु ग्रंथ साहिबमधले शेख फरीदांचे श्लोक आले होते. ते 1377 व्या अंगापासून सुरू होतात. पहिल्याच श्लोकात 'पुरसलात' हा शब्द येतो, केसाहून बारीक असलेल्या कशाचं तरी नाव. नातीने तीन जणांना विचारलं, कोणी सांगितलं "एक पूल", कोणी "नरकाची वाट".

सरांनी कुराण जुजदानातून काढण्याआधी हात धुवायला पाणी मागितलं. मग रेहल नाही म्हणून स्वच्छ उशीवर ते ठेवलं आणि पहिलीच सूरा उघडली. म्हणाले, "बेटा, इथे 'सिरात' आहे, म्हणजे सरळ रस्ता. रोजच्या नमाजात आम्ही तोच मागतो. केसाहून बारीक पुलाचं वर्णन कुराणात असं सापडायचं नाही, ते हदीसमध्ये येतं. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला तो ओलांडायचा आहे. फरीदसाहेबांच्या श्रोत्यांना हे सांगावं लागत नव्हतं. पुल-ए-सिरातचं बोली भाषेत पुरसलात झालं."

नातीने ते वहीत लिहून घेतलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. सर निघताना तिने त्यांना खजुराची पुडी दिली, संध्याकाळी रोजा सोडायला.

रात्री ती मला म्हणाली, "बीजी, हा श्लोक मी लहानपणापासून म्हणतेय. आज पहिल्यांदा घाबरले." अर्थ कळला की श्लोक असा अंगावर येतो. आपल्याच गुरूच्या पानावरचा शब्द समजायला आज दुसऱ्याचं पुस्तक उघडावं लागलं. गुरु ग्रंथ साहिबमध्ये ध्रुव आहे, प्रल्हाद आहे, अजामिळ आहे, विदुर आहे, वेद आणि कतेब आहेत, काजी आणि पंडित आहेत. हे कोण, हे जिला माहीत नाही ती पाठ म्हणते, पण गुरू कोणाशी बोलताहेत आणि काय नाकारताहेत हे तिला कळत नाही.

21 जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. शेजारच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, ट्रंकेतली पुस्तकं पाहिली आणि प्रेमाने म्हणाल्या, "सगळं एकच हो शेवटी!"

मला हे वाक्य पटत नाही, आणि काकूंना मी ते सांगितलंही. गीता सांगते की धर्माला ग्लानी आली की देव जन्म घेतो. आमचा मूलमंत्र देवाला 'अजूनी' म्हणतो, म्हणजे योनीत न येणारा. कुराणाचं सांगणं या दोन्हींहून निराळं, बायबलचं त्याहून निराळं. चारही वाचल्यावरच हे भेद दिसतात. 'सगळं एकच' असं म्हणणारा बहुधा एकही पुरतं वाचत नाही. मान द्यायचा तर दुसऱ्याचं म्हणणं जसं आहे तसं समजून घ्यावं. आपल्या साच्यात बसवून त्याला गोड करू नये.

सुनेला हे ऐकून बरं वाटलं. तिला वाटत होतं की मी सगळ्याची खिचडी करायला निघाले आहे. आमच्या गुरूंनीही खिचडी केली नाही. गुरु नानकदेव बटाल्याजवळच्या अचलला सिद्धांशी समोरासमोर बसून बोलले, त्यांचं मत नीट ऐकून मग आपलं मांडलं. गुरु अर्जनदेवांनी 1604 मध्ये आदि ग्रंथ सिद्ध केला तेव्हा कबीर, नामदेव, रविदास, फरीद यांची वाणी आत घेतली, पण पारखून घेतली. खोटी वाणी बाजूला सारणं हाच त्या कामाचा एक हेतू होता. त्याआधी वीसच वर्षं, 1584 मध्ये, आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ तयार केला होता. दोन्हीकडे वाचणाऱ्याला खरं हाती लागावं हीच तळमळ.

दहाव्या गुरूंचं तर काय सांगावं! त्यांनी पाच शिखांना संस्कृत शिकायला काशीला पाठवलं असं शिखांमधली निर्मळा साधूंची परंपरा सांगते. त्यांच्या दरबारात बावन्न कवी होते, भाई नंदलालांसारखा फारसीचा कवी होता, महाभारतातल्या पर्वांची भाषांतरं होत होती. औरंगजेबाला, तो आपल्याच दख्खनच्या मुलखात मुक्कामाला असताना, त्यांनी जफरनामा नावाचा खलिता पाठवला तो फारसीत, आणि त्यात फिरदौसीचं नाव घेतलं. बादशहाने कुराणाची शपथ मोडली असं त्याला ठणकावून सांगणाऱ्याला त्या शपथेचं वजन ठाऊक होतं. पुढे 1911 मध्ये संत वैद्य गुरुदित्त सिंग आलोमहारी या निर्मळा साधूने कुराण गुरुमुखीत आणलं. पगडी बांधून, केस राखून, गुरूवरची निष्ठा तसूभर न सोडता.

26 जुलै, शुक्रवार

वाचायचं ठरलं, आता ठेवायचं कुठे? हा प्रश्न सुनेने काढला आणि तो खरोखर अवघड निघाला.

आमच्या घरी गुरु ग्रंथ साहिबचं स्वरूप, म्हणजे विधिवत स्थापन केलेला ग्रंथ, नाही. रोज प्रकाश (सकाळी ग्रंथ उघडणं), रोज सुखासन (रात्री मिटून ठेवणं), एवढी सेवा आमच्याच्याने नेमाने होणार नाही म्हणून बापूजींनीच ते आणलं नाही. गुटके, म्हणजे पाठाची छोटी पुस्तकं, आहेत, बापूजींची पोथी आहे, आणि प्रोफेसर साहिब सिंग यांच्या 'दर्पण'चे दहा खंड. ते सगळं पाठाच्या खोलीत, जिला आम्ही बाबाजींची खोली म्हणतो, रुमाल्याखाली.

सून म्हणाली, बाकीची चार त्याच खोलीतल्या कपाटात खालच्या फळीवर ठेवू. मी सरांना फोन केला. ते नम्रपणे म्हणाले, "ताई, कुराणाच्या वर दुसरं काही नसावं, असा आमच्याकडे अदब आहे." काकूंनाही ज्ञानेश्वरी खाली ठेवलेली रुचली नसती. आणि गुरूच्या खोलीत गुरूच्या वर काही ठेवणं आम्हाला जमणार नाही.

तेव्हा सुनेनेच एक जुनी गोष्ट काढली. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये फरीदकोट जिल्ह्यातल्या बरगाडीत गुरु ग्रंथ साहिबची फाटलेली अंगं रस्त्यावर सापडली, तेव्हा तिच्या माहेरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. "आपल्याला किती दुखलं होतं, बीजी. दुसऱ्यांनाही तसंच दुखत असणार. घरात ठेवायचं तर त्यांच्या माणसांना बघून बरं वाटेल असंच ठेवू." जिने तीन आठवड्यांपूर्वी ही पुस्तकं ठेवायची का असं विचारलं होतं, ती हे बोलली.

मग सुताराला बोलावलं. नातीच्या अभ्यासाच्या खोलीत, बाबाजींच्या खोलीपासून वेगळी, खांद्याच्या उंचीवर एकच सागवानी फळी. वर काही नाही. चारही पुस्तकं शेजारी शेजारी उभी, एकावर एक नाही. तिथे उदबत्ती नाही, फूल नाही, हात जोडणं नाही. हात धुऊन घ्यायचं, वाचायचं, बासनात बांधून जागेवर ठेवायचं.

2 ऑगस्ट, शुक्रवार

आषाढ वद्य त्रयोदशी. नामदेव पंढरपूरला महाद्वारी समाधिस्थ झाले ती तिथी. पंजाबात मानतात की त्यांनी देह घुमानला ठेवला. सून आणि मी या एका माणसाला दोन गावी निरोप देतो, आणि त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

संध्याकाळी बाबाजींच्या खोलीत रहिरास, म्हणजे सायंपाठ, झाली. अरदास झाली, तिघींनी माथा टेकला. मग नातीच्या खोलीत गेलो. तिने हात धुतले, लाल बासन सोडलं आणि नववा अध्याय काढला. शेजारी वही, वहीत 485 आणि 1377 हे आकडे. सून पलंगाच्या कडेला बसली. तिला मराठी पुरतं येत नाही, म्हणून मी ओवी थांबवून थांबवून अर्थ सांगत होते. दोन ठिकाणी तिने मला अडवून गुरबाणीतलं जुळणारं आठवलं, एका ठिकाणी न जुळणारं.

माझं मत आता पक्कं आहे, आणि जे शीख बांधव-भगिनी हे वाचतील त्यांनाही तेच सांगेन. माथा गुरु ग्रंथ साहिबपुढेच टेकावा, त्यात वाटेकरी नको. पण शेजाऱ्याचा ग्रंथ घरात आणा, स्वच्छ जागी ठेवा, मुलांसोबत बसून वाचा, जिथे पटत नाही तिथे का पटत नाही ते मुलांना सांगता येईल इतकं नीट वाचा. मर्यादेने वाकफीची मोकळीक दिली आहे. ती वापरली नाही तर गुरूच्या अर्ध्या बोलण्याला आपण मुकतो.

आज नववा अध्याय पुरा झाला नाही. उद्या रहिरासनंतर पुढे.